हात आखडता घेणारा डोंगर

कॅलिफोर्नियात कुपर्टिनो, सनीवेल, सॅराटोगा या पट्ट्यात आपली मराठी माणसं किती आहेत ते गणेशोत्सवाला कळतंच, आणि या सगळ्यांना ऑफिसच्या काचेतून, मुलांच्या शाळेच्या ग्राउंडवरून, अगदी कॉस्टकोच्या पार्किंगमधून रोज पश्चिमेला एक डोंगररांग दिसते. सांता क्रूझ माउंटन्स. बहुतेकांना ती हायकिंगसाठी माहीत असते, नाहीतर हायवे १७ ने बीचवर जातानाची वळणं म्हणून, नाहीतर सॅराटोगाच्या वर माउंटन वायनरी नावाची कॉन्सर्टची जागा आहे तिच्यामुळे. त्या स्टेजच्या मागे जी जुनी दगडी भिंत दिसते ना, ती खरोखरची वायनरी होती. फ्रान्समधल्या बर्गंडीतून आलेल्या पॉल मॅसाँने १८९६ मध्ये त्या डोंगरावर द्राक्ष लावलं, आणि आजही त्याच रांगेवर लहान लहान बागा आहेत, बऱ्याचशा एकेका कुटुंबाच्या, नवरा बायको आणि मुलं मिळून चालवतात अशा. गाणी ऐकून खाली उतरणाऱ्या गर्दीला अंधारात त्या दिसत नाहीत एवढंच.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. त्यामुळे डोंगर दिसला की मला पहिले प्रश्न पडतात ते हेच, की इथे पाऊस कधी येतो, पाणी कुठून आणतात, माती किती खोल आहे. आणि या डोंगराची उत्तरं ऐकली तर आमच्याकडचा कुठलाही बागायतदार म्हणेल, मग इथे द्राक्ष लावायचं कशाला? पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणजे वेली झोपलेल्या असतात तेव्हा. जून ते सप्टेंबर जवळजवळ थेंब नाही. माती कुठे फूटभर, कुठे दोन फूट, खाली फुटका खडक. चढ इतका की काही ठिकाणी ट्रॅक्टर चालवायचा म्हणजे जिवाशी खेळ. वर हरणं येतात, रानडुकरं येतात, पाखरं येतात, कुंपण आणि जाळी यांचाच खर्च केवढा. आणि एवढं करून एकरी एक दीड टन, फार तर दोन. आमच्याकडे खायच्या द्राक्षाचे एकरी दहा टन निघाले तरी अण्णा म्हणणार यंदा जरा कमीच आहे.

तरी पण या डोंगरावरची वाइन जगात नावाजली जाते, आणि ती का, हे समजून घेताना मला माझ्या माहेरच्या बागेबद्दल जेवढं कळलं तेवढं तिथे लहानाचं मोठं होताना कळलं नव्हतं.

आधी हवेचं सांगते, कारण इथे सगळं हवेपासून सुरू होतं. उन्हाळ्यात दुपार कलली की पॅसिफिकवरून धुकं आत सरकायला लागतं. ते जमिनीलगत येतं, दऱ्यांमधून, खिंडींमधून, आणि साधारण हजार दीड हजार फुटांपर्यंत भरतं. त्याच्या वर डोंगरमाथे उघडे राहतात. खालची सगळी वस्ती धुक्यात आणि माथ्यावर लख्ख चांदणं, असं कितीतरी रात्री असतं. या भागाला वाइनसाठी वेगळा प्रदेश म्हणून १९८१ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा हद्द आखताना काउंटीच्या रेषा नाही धरल्या, उंची धरली, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडच्या बाजूला ८०० फुटांच्या वर आणि समुद्राकडच्या बाजूला ४०० फुटांच्या वर. म्हणजे धुक्यानेच हद्द आखली म्हणा ना. अमेरिकेत असे डोंगराच्या उंचीवरून आखलेले जे पहिले काही प्रदेश, त्यांतला हा एक.

आता इथे एक गोष्ट लोक हमखास उलटी सांगतात. डोंगरावरची द्राक्षं म्हटलं की लगेच म्हणतात दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी, दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक. या डोंगरावर तसं नाहीये. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून पाण्यासारखी खाली वाहत जाते आणि दरीत साचते, त्यामुळे पहाटे खाली खोऱ्यात जास्त गारठा असतो आणि वर माथ्यावर तुलनेने ऊब. दिवसा मात्र उंचीमुळे आणि समुद्राच्या वाऱ्यामुळे वर खालच्यापेक्षा गार. खाली सॅन होझेत ९५ फॅरेनहाइटची दुपार असते तेव्हा वर सावलीत बसलात तर हलकी झुळूक असते. म्हणजे वेलीला ना फार तापायला मिळतं ना फार गारठायला. ती सावकाश, एकसारखी काम करत राहते, रात्रीसुद्धा. साखर हळूहळू चढते, आणि आंबटपणा टिकून राहतो, कारण द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्णतेने जळतं आणि इथे दुपारच्या तेवढ्या तापतच नाहीत. या वाइन्समध्ये जो एक ताठपणा असतो, जीभ जागी करणारा, तो इथून येतो. मातीतून नाही. मातीचं पुढे सांगते.

नकाशा उघडून मी एकदा उंची बघितली तेव्हा चमकलेच. सॅराटोगाच्या वर माउंट ईडन नावाची बाग आहे, कुटुंबाचीच, या रांगेवरची फार मानाची, ती साधारण २००० फुटांवर आहे. आपलं नाशिकही जवळपास त्याच उंचीवर! आणि खडक बघाल तर तोही नात्यातला निघतो. आपल्याकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. इथे मॉन्टे बेलोच्या माथ्यावर जो हिरवट खडक आहे, ग्रीनस्टोन म्हणतात, तो पण मूळचा बेसॉल्टच, फक्त समुद्राच्या तळाशी ओतलेला, मग दाबाखाली बदललेला. त्याच्याबरोबर चुनखडी आहे, जी दहा कोटी वर्षांपूर्वी पॅसिफिकमध्ये पार उष्ण कटिबंधात एका बुडालेल्या डोंगरावर साचली आणि सरकत सरकत इथे येऊन चिकटली. कुपर्टिनोच्या वरची सिमेंटची जुनी खाण आहे ना, पर्मनंटे, ती याच चुनखडीची. उत्तर कॅलिफोर्नियातल्या शास्ता धरणाचं सिमेंट तिथून गेलं. आणि आपल्यातल्या कितीतरी जणांचा इन्शुरन्स ज्या हॉस्पिटलांचा आहे त्या कायझर पर्मनंटेच्या नावातलं पर्मनंटे पण त्याच ओढ्याकाठच्या कारखान्यावरून आलंय. रांगेच्या अंगातून सॅन अँड्रियास फॉल्ट, म्हणजे जमिनीतली मोठी भेग, जातो, म्हणून दोन बाजूंची माती दोन वेगळ्या प्लेट्सवरची. १९८९ चा लोमा प्रिएटा भूकंप, ६.९ चा, याच डोंगराच्या पोटात झाला.

तर सांगायचं असं की उंची तीच, खडक लांबच्या नात्यातला, आणि वाइन मात्र जमीन अस्मानाच्या फरकाची. मग बेसॉल्ट म्हणजे अशी चव, चुनखडी म्हणजे तशी चव, असं जे बाटलीच्या मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं त्याचं करायचं काय? माझं स्पष्ट मत आहे की ते सोडून द्यावं. दगडाची चव मुळातून वर चढून ग्लासात येत नाही. मुळं जी खनिजं घेतात ती इतकी थोडी, इतकी विरघळलेली, की त्यांची चव जिभेला लागणं शक्य नाही असंच भूगर्भाचे अभ्यासक सांगतात. माती जे करते ते वेगळंच आहे, आणि माझ्या मते जास्त मोठं आहे. पाणी किती द्यायचं आणि कधी बंद करायचं, हे ती ठरवते.

हे मला डोळ्यांनी बघायला मिळालं एका छोट्या बागेत. नाव नाही लिहित, त्यांच्याकडे टेस्टिंग रूम वगैरे नाही, घरगुती कारभार आहे आणि त्यांना तो तसाच हवाय. म्हातारे नवरा बायको आणि त्यांची मुलगी. काही एकर पिनो न्वार, थोडं शार्डोने. मुलगी ओळीच्या टोकाचा एक कुजलेला खांब बदलत होती, पहारीने खड्डा घेत होती, आणि वीतभर माती गेली की खण्णकन आवाज. मग पहार तिरकी घालून खडकाचे पातळ पातळ थर उचकटत गेली, शेल, बोटांनी मोडता येतील असे तुकडे. एका तुकड्याच्या दोन थरांमध्ये एक मूळ होतं, धाग्याएवढं, चपटं झालेलं. जागा नाही म्हणून मूळच चपटं झालं होतं आणि तसंच पुढे गेलं होतं, फटीतून फटीत. मी ते हातात घेऊन किती वेळ बघत बसले होते. हिवाळ्यातला पाऊस त्या फटींमध्ये मुरतो, आणि उन्हाळाभर वेल तेवढ्यावर असते. या बागेला ड्रीप नाही. रोपं लहान असताना पहिली काही वर्षं पाणी दिलं, मग बंद.

जुलै सरता सरता तिथे एक गोष्ट होते जी आमच्याकडे माणसांना करावी लागते. शेंडे थांबतात. आमच्याकडे वाढ आवरायला शेंडा खुडायचा, बगलफुटी काढायच्या, मजूर लावायचे, कारण वेलीला पाणी आहे, खत आहे, तिला वाढतच राहायचंय. इथे फटीतलं पाणी कमी होतं आणि शेंड्याची चिमुकली पानं आपोआप वाढायची थांबतात, मग वेल पाला करायचं सोडून घडाकडे बघायला लागते. नेमकं त्याच सुमाराला मण्यात पाणी उतरतं, रंग चढायला लागतो. म्हणजे पाणी संपायची वेळ आणि पिकायची वेळ यांचा मेळ बसतो. फार लवकर संपलं तर पानं जळतात आणि द्राक्ष कच्चंच राहतं, फार उशिरा संपलं तर पाला माजतो आणि मणी फुगतो. या डोंगराच्या या उतारावर तो मेळ बसतो, पलीकडच्या घळीत माती खोल आहे तिथे बसत नाही. त्या घळीत म्हाताऱ्यांनी पूर्वी वेली लावल्या होत्या, वाढल्या पण जोरात, वाइन मात्र पातळ व्हायची, शेवटी काढून टाकल्या. आता तिथे सफरचंदाची झाडं आहेत.

घड बघाल तर मुठीत मावेल एवढा, शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही कधीकधी. मणी वाटाण्याहून थोडे मोठे. दादा एक्सपोर्टचा माल करतो, त्याला १८ एमएमचा मणी लागतो, त्यासाठी मणी फुगवणाऱ्या जीएच्या फवारण्या, डिपिंग, विरळणी, गर्डलिंग, काय काय करतो. त्या मण्यात रस जास्त आणि साल पातळ, खायला तेच हवं. वाइनचं गणित बरोबर उलटं. रंग सालीत, सुगंध बराचसा सालीत, तुरटपणा साल आणि बियांत. मणी जेवढा लहान तेवढी रसाच्या मानाने साल जास्त. मालकीणबाईंनी मला मणी चोळून, साल चावून, मग बी चावून बघायला शिकवलं, बी हिरवी असेल तर तोंडात कडवट राहतं, तपकिरी झाली की सुकामेव्यासारखी कुरकुरते. साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर त्यांच्या खिशात असतो, ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, रोज लिहितात, पण काढणीचा दिवस त्या बी चावून ठरवतात.

आता माहेरची गोष्ट सांगितल्याशिवाय यातलं मर्म नाही कळणार. आपल्या नाशिकला वेल झोपतच नाही. विसाव्या अक्षांशावर तिला झोपवेल अशी थंडी पडत नाही, म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी, तेव्हा काडी तयार करायची, त्या काडीच्या डोळ्यात घड बांधला जातो, आणि मग पावसाळा संपताना गोड छाटणी, फळासाठी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावतात, हातात मोजे घालून एकेक डोळ्याला, लहानपणी ते काम चाललेलं असताना आम्हाला बागेत जायची बंदी असायची. दोन छाटण्या आणि पीक एकच. हे तंत्र म्हणजे आपल्या शेतकऱ्यांची केवढी मोठी हुशारी आहे, उष्ण कटिबंधातल्या पावसाळ्याला वळसा घालून द्राक्ष पिकवायचं! इथल्या लोकांना सांगितलं की ते थक्क होतात, म्हाताऱ्यांनी तर मला कागदावर बारा महिन्यांचं वर्तुळ काढून समजावून सांगायला लावलं होतं.

पण त्या वर्तुळात एक अडचण आहे. आपली द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये पिकतात, म्हणजे दिवस तापत जाताना. थंडी असते ती सुरुवातीला, आणि ती पण कधी एवढी की निफाडकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, मणी तडकू नयेत म्हणून. मग फेब्रुवारी उजाडला की पारा चढायला लागतो, साखर झपाट्याने वाढते आणि आंबटपणा त्याहून झपाट्याने जातो, वायनरीवाले रात्री बॅटऱ्या लावून काढणी करतात ती त्यासाठी. त्यात अवकाळी, त्यात गारपीट, २०१४ ची गारपीट आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. आणि इथे डोंगरावर द्राक्षं सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये पिकतात, दिवस निवत जाताना. शेवटचे आठवडे जसजसे जातात तशी दुपार छोटी होते, ऊन तिरपं होतं, द्राक्षाला वेळ मिळतो. माझ्या मते दोन जागांमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे, पिकताना दिवस तापताहेत की निवताहेत. तो कुठल्याही लेबलवर लिहिलेला नसतो.

म्हणून नाशिकला शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ अशी लवकर काढता येणारी पांढरी द्राक्षं चांगली रुजली. आणि बघा, या दोन डोंगरांमध्ये खरा दुवा पण आहे. सुलाचे राजीव सामंत इथेच, बे एरियात, ओरॅकलमध्ये होते, ती नोकरी सोडून नाशिकला परत गेले आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनमेकरला, केरी डॅमस्कींना, सोबत घेऊन त्यांनी वायनरी उभी केली. दुसरा दुवा जमिनीखालचा. आमच्या बागेतला डॉगरिज खुंट मूळचा अमेरिकेतला, टेक्सासकडच्या रानवेलींचा. मातीतल्या क्षाराला आणि पाण्याच्या ताणाला तो तोंड देतो म्हणून आपण त्याच्यावर कलम करतो. इकडेही फिलॉक्सेराच्या किडीनंतर युरोपची द्राक्षं अमेरिकन खुंटावरच उभी आहेत. म्हणजे वर काय लावायचं ते माणूस ठरवतो, खाली कोण टिकणार ते जमीन.

कुटुंबाचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटतो. मॉन्टे बेलोवर १८८५ मध्ये पेरोन नावाच्या डॉक्टरने जमीन घेतली आणि वायनरी बांधली, पुढे दारूबंदीत सगळं मोडलं, मग १९५९ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या इंजिनियर मंडळींनी ती जागा वीकएंडसाठी म्हणून घेतली आणि त्यातून रिज वायनरी झाली. त्यांची १९७१ ची कॅबर्ने १९७६ च्या पॅरिसच्या प्रसिद्ध टेस्टिंगमध्ये पाचवी आली होती, आणि तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच वाइन्स पुन्हा चाखल्या तेव्हा ती पहिली आली. आज ती वायनरी एका जपानी कंपनीकडे आहे, आणि उत्तम सांभाळलीय त्यांनी, त्यात वाद नाही. पण माउंट ईडनची गोष्ट बघा. मार्टिन रे नावाच्या माणसाने पॉल मॅसाँची वायनरी विकत घेतली, १९४३ मध्ये विकली, आणि शेजारच्या डोंगरावर आपली वेगळी बाग लावली. मॅसाँने बर्गंडीहून आणलेल्या शार्डोनेच्या काड्या तिथे गेल्या. त्या काळात कॅलिफोर्नियात बाटलीवर द्राक्षाचं नाव लिहायला त्यात त्या जातीचा माल निम्म्याहून थोडा जास्त असला तरी चालायचं, आणि हा माणूस शंभर टक्क्यांसाठी सगळ्यांशी भांडायचा. बाग शेवटी त्याच्या हातून गेली. १९८१ मध्ये जेफ्री पॅटरसन तिथे कामाला लागले ते आजतागायत आहेत, ते आणि त्यांच्या पत्नी एली, आता बाग मुख्यतः त्यांचीच आहे.

चाळीसहून जास्त वर्षं एकच डोंगर. मला वाटतं हवा आणि माती यांचा जो काही परिणाम म्हणतो तो असा एखादा माणूस तिथे टिकून राहिल्याशिवाय बाटलीत पोचतच नाही. द्राक्षाचं पीक वर्षातून एकदाच येतं. एका माणसाच्या आयुष्यात चाळीस पिकं म्हणजे खूप झाली. कुठली ओळ आधी पिकते, कुठे हवा जास्त वेळ दमट राहते आणि भुरीचा रोग तिथूनच सुरू होतो, कुठल्या कोपऱ्यातल्या वेली दुष्काळात पिवळ्या पडत नाहीत, हे सगळं वहीत असतं आणि वहीपेक्षा जास्त अंगात मुरलेलं असतं. त्या म्हाताऱ्यांच्या घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर वह्यांची रांग आहे, कडा मळलेल्या, आणि मुलगी त्यात बापाच्याच पद्धतीने लिहिते, पाऊस, फुलोरा, रंग, काढणी, आणि शेवटी एक ओळ अशीच काहीतरी. कंपनीत मॅनेजर दर चार वर्षांनी बदलतो. डोंगराला ओळख व्हायलाच तेवढी वर्षं लागतात.

आणि डोंगर आता पूर्वीचा राहिला नाही, हे पण सांगायला हवं. ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजा पडल्या आणि सीझेडयू नावाने ओळखला जाणारा वणवा पेटला, ८६ हजार एकरांवर रान जळालं, बिग बेसिन उद्यानातली रेडवुडची झाडं जळाली, शेकडो घरं गेली. ज्यांच्या बागांना ज्वाळा लागल्या नाहीत त्यांच्या बागांवर धूर बसला, आठवडेच्या आठवडे. नऊ सप्टेंबरला आकाश दिवसभर नारिंगी होतं ते इथे असलेल्या कुणालाच विसरता येणार नाही. धुरातले ग्वायकॉलसारखे पदार्थ सालीतून आत जातात आणि साखरेला चिकटून बसतात, त्यामुळे द्राक्ष तोंडात टाकलं तर काहीच कळत नाही, आंबवल्यावर मात्र हळूहळू सुटतात आणि वाइनला विझलेल्या राखेची चव येते. बऱ्याच जणांनी त्या वर्षी लाल वाइन केलीच नाही. त्या घरानेही नाही. घड वेलीवरून कापले आणि ओळींमध्येच जमिनीवर टाकले. २०२० च्या वहीत शेवटची ओळ नाहीये, मी बघितलंय, पान तिथेच संपतं. हवा वाइन घडवते म्हणताना आपण नेहमी झुळूक आणि धुकंच डोळ्यापुढे आणतो, पण ती हवा हीच.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगत असते. तो शांतपणे ऐकून घेतो आणि मग एकच प्रश्न विचारतो, "एकरी किती निघतो माल?" दोन टन म्हटलं की, "मंग परवडतं कसं त्यांला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. एका टनाच्या साधारण सातशे बाटल्या होतात, दोन टनाच्या चौदाशे, आणि अशा नावाजलेल्या डोंगराची बाटली साठ सत्तर डॉलरला जाते, म्हणून भागतं. आणि ते द्राक्ष विकत नाहीत, बाटली विकतात. आपल्याकडे शेतकरी द्राक्ष विकतो, टनावर. टनावर भाव असेल तर कोण कशाला मणी बारीक ठेवील आणि पाणी तोडील? मला नाही वाटत आपल्या मातीत काही कमी आहे. आमच्याच वरच्या बाजूला दोन एकर बरड आहे, हातभर मातीखाली मुरूम, उताराची, वारा लागणारी, तिथे अण्णांनी कधी टेबलची, म्हणजे खायची, द्राक्षं लावली नाहीत कारण मणी फुगणारच नाही. वाइनसाठी मी डोळे झाकून तीच जागा निवडीन. फक्त कमी माल काढणाऱ्याला शिक्षा होणार नाही असा व्यवहार पाहिजे.

अण्णांचा विरोध आहे, त्यांचं म्हणणं बरडाला डाळिंब लावा. दादा मात्र मुरमाचे फोटो पाठवायला लागलाय, कुठे किती खोल आहे ते टेप धरून. शेजारच्या एका वायनरीला त्याने लेखी विचारलंय, की टनाऐवजी एकराला ठरवून भाव द्याल का, मी एकरी तीन टनावर ठेवतो. त्यांचं उत्तर यायचंय. तोवर त्याने शिराझ आणि टेम्प्रानियोच्या थोड्या काड्यांची चौकशी करून ठेवलीय, आणि त्या म्हाताऱ्यांच्या मुलीने त्याच्यासाठी माझ्याकडे एक प्रश्न दिलाय, की तुमच्या त्या उतारावर मार्चच्या दुपारी वारा कुठून येतो.